याला कोण वाचतं?

"मॅडम, एवढं इंग्रजी साहित्य पडलंय, तुम्हाला नेमका हाच बरा सापडला?"

पीएच.डी.ची सिनॉप्सिस दिली तेव्हा हा प्रश्न आला. व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तो जरा सभ्य इंग्रजीत विचारला. स्टाफरूममध्ये तो चहाबरोबर यायचा. आणि निवृत्तीच्या समारंभात माझ्याच एका विद्यार्थ्याने माझी ओळख करून देताना सांगितलं, की मॅडमनी अशा लेखकावर डॉक्टरेट केली, ज्याचं नाव टाकलं की गूगलसुद्धा 'तुम्हाला हॉरेस वॉल्पोल म्हणायचंय का?' असं विचारतं. हशा झाला. मीही हसले. घरी येऊन मात्र चिडचिड झाली, कारण कोटी चांगली होती.

तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून, आणि पुन्हा विचारू नये म्हणूनही, एकदाच सविस्तर लिहिते. माझा लेखक ह्यू वॉल्पोल. अठराव्या शतकातला हॉरेस नव्हे, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंड-अमेरिकेत ज्याच्या कादंबऱ्या धो धो खपल्या तो.

आधी एक गोष्ट कबूल करून टाकते, म्हणजे तुमचा निम्मा दारूगोळा संपेल. हा काही थोर कादंबरीकार नव्हता. त्याने 36 कादंबऱ्या लिहिल्या. मी त्या सगळ्या वाचल्यात, काही तर केवळ तळटीप द्यायची होती म्हणून. वाक्यं सैल, आणि भावनेचा प्रसंग आला की विशेषणांना पूर येतो. नाताळच्या आदल्या दिवशी नवी कादंबरी सुरू करायची हा त्याचा नेम होता, आणि एकदा लिहिलेलं फारसं परत तपासायचं नाही हाही जवळजवळ नेमच. ते पानोपानी दिसतं.

पण 'रोग हेरीज' ('रोग' म्हणजे इंग्रजी rogue, लफंगा) या त्याच्या कादंबरीत फ्रान्सिस हेरीज आपल्या ठेवलेल्या बाईला भर जत्रेत विकतो, तो प्रसंग उघडून बघा. स्वतःच्याच कृत्याची शिसारी येत असताना, लोक बघतायत म्हणून आणखी चेव चढलेला माणूस. तिथे मी आजही विशेषणं मोजत नाही.

माझी त्याची गाठ पडली ती मात्र कादंबरीमुळे नव्हे, 'द टार्न' नावाच्या एका गोष्टीमुळे. एम.ए.ला असताना एका जुन्या संग्रहात वाचली. इंग्लंडच्या उत्तरेला, डोंगरात एकटा राहणारा फेनविक नावाचा लेखक. काही जमलं नाही म्हणून कडवटलेला. त्याच्याकडे फॉस्टर नावाचा जुना मित्र येतो, तोही लेखक, यशस्वी, हसतमुख, सगळ्यांना हवाहवासा. आयुष्यात प्रत्येक वेळी, पुस्तक असो की संपादकाची जागा, फॉस्टर आडवा आला आणि आपलं नशीब हुकलं, असं फेनविकच्या डोक्यात पक्कं बसलंय. फॉस्टरला त्याचा पत्ताच नाही. त्याला एवढंच कळतं की याचं आपल्याबद्दल काहीतरी बिनसलंय, आणि कोणी आपल्यावर नाराज असलेलं त्याला सहन होत नाही. म्हणून तो समेट करायला आलाय. फेनविक त्याला फिरायला नेतो आणि डोंगरातल्या काळ्याशार तळ्यात ढकलून देतो. रात्री फेनविकच्या खोलीत पाणी चढायला लागतं. सकाळी मोलकरीण येते तेव्हा तो मेलेला असतो आणि शेजारी पाण्याचा जग उलटा पडलेला.

भुताटकीची गोष्ट म्हणून ती बरी आहे. मला चटका लावला तो दुसऱ्याच गोष्टीने. ही गोष्ट लिहिणारा स्वतः फॉस्टर होता. यशस्वी, हसतमुख, कोणी नाराज झालं तर झोप न लागणारा. आणि तरी गोष्ट तो फेनविकच्या डोक्यात शिरून सांगतो. आपल्याकडे बघून एखाद्याचं पोट कसं जळत असेल हे त्याला आतून ठाऊक होतं. ही गोष्ट 1930 च्या आधीची आहे. हे साल लक्षात असू द्या.

आता त्याची चढण. यातलं बरंचसं तुम्ही माझ्याकडून ऐकलंय, म्हणून भरभर सांगते. जन्म 1884 चा, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा. वडील धर्मोपदेशक, पुढे एडिंबरोचे बिशप झाले. पोराला नऊ वर्षांचा असताना शिकायला इंग्लंडला धाडलं. मार्लोच्या शाळेत त्याचे जे हाल झाले त्याबद्दल तो पुढे आयुष्यभर लिहीत राहिला. सगळ्यांनी आपल्याला चांगलं म्हणावं ही त्याची भूक तिथली असावी असं मला वाटतं. केंब्रिज झालं, लिव्हरपूलला खलाशांच्या मिशनमध्ये काही महिने काढले, धर्मोपदेशक होणं आपल्याच्याने होणार नाही हे कळलं, एप्सम कॉलेजात मास्तरकी केली आणि त्या मास्तरकीवरून 1911 मध्ये 'मिस्टर पेरिन अँड मिस्टर ट्रेल' ही कादंबरी लिहिली. दोन शिक्षकांचं एका छत्रीवरून भांडण. ज्याने स्टाफरूममध्ये आयुष्य काढलंय त्याने ती वाचावीच.

1914 मध्ये हेन्री जेम्सने 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'मध्ये तरुण कादंबरीकारांवर लेख लिहिला. त्यात वॉल्पोलवर मायेने मजकूर आहे, आणि डी. एच. लॉरेन्स पार मागे, धुळीत. लॉरेन्सची 'सन्स अँड लव्हर्स' येऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं! हे मी व्हायवाला सांगितलं, तेव्हा परीक्षक म्हणाले, "मग यावरून जेम्सबद्दल काय सिद्ध होतं?" मुद्दा बिनतोड होता. पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. तीस वर्षांच्या पोराला त्या काळच्या सगळ्यात मोठ्या लेखकाने हात धरून पुढच्या रांगेत बसवलं. आपण तिथले नाही ही भीती त्यानंतर त्याला किती पोखरत असेल?

युद्धात दृष्टी अधू म्हणून सैन्यात घेतलं नाही, तर हा रशियाच्या रेडक्रॉसमध्ये गेला. गोळीबारात जखमी सैनिकाला उचलून आणलं म्हणून सेंट जॉर्जचा क्रॉस मिळाला. त्या अनुभवावरच्या 'द सीक्रेट सिटी'ला 1919 चं, म्हणजे अगदी पहिलंवहिलं, जेम्स टेट ब्लॅक पारितोषिक. मग अमेरिकेतले व्याख्यानांचे दौरे, आणि त्यांत मिळालेला पैसा. उत्तर इंग्लंडातल्या डरवेंटवॉटर तळ्याच्या वरच्या अंगाला ब्रॅकनबर्न नावाचं घर. 1929 मध्ये बुक सोसायटी निघाली. दर महिन्याला एक पुस्तक निवडून सभासदांना पाठवायचं. निवड समितीचा पहिला अध्यक्ष हाच. 1930 च्या मार्चमध्ये 'रोग हेरीज' आली आणि गाजली. वय शेहेचाळीस. याच्यापेक्षा वर काय असतं?

आपल्याकडेही याच वर्षांत फडके आणि खांडेकर घरोघर पोचत होते. त्यांच्यावर नाक मुरडणारे तेव्हाही होते, आजही आहेत, आणि त्या मुरडणाऱ्यांपैकी निम्म्यांनी त्यांची पुस्तकं चोरून वाचली होती. लोकप्रिय लेखकाबद्दल बोलताना आपल्या आवाजाला एक वरची पट्टी आपोआप लागते. वॉल्पोलवरचे प्रश्न मला त्या पट्टीत विचारले जातात, म्हणून मी चिडते. 'तो चांगला आहे का' असं सरळ विचारलं असतं, तर सरळ उत्तर दिलं असतं.

पण ते राहू दे. 1930 च्या सप्टेंबरकडे येते, कारण माझं खरं उत्तर तिथे आहे.

सॉमरसेट मॉमची 'केक्स अँड एल' ही कादंबरी प्रसिद्ध व्हायची होती. बुक सोसायटीच्या अध्यक्षाकडे पुस्तकं आधीच येत. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली रात्र. वॉल्पोल अर्धवट कपडे उतरवून पलंगावर बसला आणि हाताला लागलं म्हणून हे पुस्तक उघडलं. मॉमशी वीसेक वर्षांची दोस्ती. पुस्तकाच्या सुरुवातीलाच ॲलरॉय किअर नावाचा एक कादंबरीकार भेटतो. निवेदक ॲशेंडनला त्याचा फोन येऊन गेलाय, अगदी महत्त्वाचं काम आहे म्हणून. आणि ॲशेंडन आपल्याला सांगतो की असा निरोप ठेवणाऱ्याचं काम तुमच्यापेक्षा त्याच्याच दृष्टीने महत्त्वाचं असतं. मग किअरचं वर्णन सुरू होतं. इतक्या तुटपुंज्या गुणांवर इतकी मोठी जागा मिळवलेला दुसरा समकालीन आपल्याला आठवत नाही, असं ॲशेंडन म्हणतो. मेहनती, गोड बोलणारा, अमेरिकेत व्याख्यानं देणारा, तरुण लेखकांच्या पाठीवर हात ठेवणारा, आणि ते लेखक आपल्या पुढे जातायत असं दिसलं तर हात हळूच काढून घेणारा.

त्यात एक जेवण आहे. कोणी किअरच्या पुस्तकावर झोडपून परीक्षण लिहिलं, की किअर त्या समीक्षकाला लांबलचक पत्र लिहितो. पुस्तक तुम्हाला आवडलं नाही याचं वाईट वाटलं, पण परीक्षण इतकं मार्मिक होतं की राहवलं नाही, मला सुधारायचंय, तुम्हाला त्रास होणार नसेल तर बुधवारी किंवा शुक्रवारी सॅव्हॉय हॉटेलात जेवायला याल का? जेवण काय मागवावं हे किअरला उत्तम कळतं. अर्धा डझन कालवं आणि कोवळ्या कोकराच्या मांसाचा एक तुकडा पोटात जाईपर्यंत समीक्षकाने आपले शब्दही गिळलेले असतात. पुढची कादंबरी आली की त्याला तीत मोठीच प्रगती दिसते.

हे लिहिताना मला हसू येतंय. तुम्हालाही आलं असेल. आता वॉल्पोल होऊन वाचा. टीका करणाऱ्याला पत्र लिहायची खोड लंडनच्या लेखकवर्तुळात कोणाला होती, हे सगळ्यांना माहीत होतं. लेखिका-समीक्षक रेबेका वेस्टलासुद्धा वॉल्पोलचं असं पत्र गेलेलं होतं. म्हणजे हा आरसा कोणासमोर धरलाय, हे विचारायचीही गरज नव्हती. आणि हे शत्रूने लिहिलं नव्हतं. ज्याला आपण घरातला समजतो त्याने लिहिलं होतं, आणि इतक्या शांतपणे, इतक्या मजेत, की वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचा राग येऊ नये. वॉल्पोल वाचत गेला आणि धास्तावत गेला. हा हुबेहूब मीच आहे, अशी डायरीत नोंद आहे. त्या रात्री तो झोपला नाही.

पुढचे काही महिने त्याने काय करायला नको होतं ते सगळं केलं. भेटेल त्याला विचारलं: तो मीच का? व्हर्जिनिया वुल्फकडे जाऊन तेच उगाळलं, आणि वुल्फबाईंनी तो सगळा विलाप डायरीत टिपून ठेवला, थोडी कीव करत आणि बरीचशी मजा घेत. खरं तर वर्तमानपत्रांतली आरडाओरड हार्डीबद्दल होती. टॉमस हार्डी 1928 मध्ये गेला, आणि कादंबरीतला म्हातारा लेखक ड्रिफिल्ड म्हणजे हार्डीच, ही त्याची विटंबना आहे, असं लोक म्हणत होते. किअर कोण हे फक्त साहित्यिकांच्या गोटात कळलं असतं. वॉल्पोलने स्वतः दारोदार जाऊन ते सगळ्यांना कळवलं.

त्याने मॉमलाही लिहिलं. मॉमचं उत्तर आलं: छे, माझ्या मनातही नव्हतं, किअर डझनभर माणसांवरून बेतलाय, आणि त्यात सगळ्यात जास्त मी स्वतः आहे. वॉल्पोलने ते मानलं, निदान मानल्यासारखं केलं. मैत्री तोडली नाही. दुसऱ्या वर्षी अमेरिकेत टोपणनावाने मॉमचं वस्त्रहरण करणारी एक कादंबरी निघाली, तेव्हा काहींना वॉल्पोलचाच संशय आला. ती एलिनॉर मॉर्डंट या बाईंची निघाली. वॉल्पोलकडून तसलं काही कधी आलं नाही. तो हेरीज घराण्याचे पुढचे भाग लिहीत बसला: 1931, 1932, 1933, दर वर्षी एक जाडजूड पुस्तक. 1941 मध्ये तो वारला. आणि 1950 मध्ये मॉमने 'केक्स अँड एल'च्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत सांगून टाकलं की होय, किअर रचताना वॉल्पोल माझ्या डोळ्यांसमोर होता.

आता माझ्या प्रबंधाबद्दल. 1988 सालच्या त्या प्रबंधात या प्रकरणावर एक अख्खं प्रकरण आहे. ते लिहिणारी बाई फार ठाम होती. तिचं म्हणणं, मॉमला मत्सर होता. मॉम त्या काळचा अत्यंत यशस्वी नाटककार, पण मोठ्या समीक्षकांनी त्याला कधी पहिल्या पंक्तीत बसवलं नाही, आणि वॉल्पोल मात्र हेन्री जेम्सच्या मांडीवर वाढलेला. म्हणून हा सूड. आणि एका व्यंगचित्राने एका लेखकाची अख्खी कारकीर्द झाकून टाकली, हा साहित्यव्यवहारातला अन्याय.

त्या बाईशी माझं गेली कित्येक वर्षं भांडण चालू आहे. मी तिला म्हणते, अगं, 'केक्स अँड एल' ही वॉल्पोलच्या छत्तीसच्या छत्तीस कादंबऱ्यांपेक्षा चांगली आहे. मी ती एम.ए.च्या वर्गात शिकवली, पोरांना आवडली, मलाही दर वेळी आवडली. त्यातली ड्रिफिल्डची पहिली बायको रोझी, तिच्यासारखी बाई तुझ्या वॉल्पोलने कुठे रंगवली? ती म्हणते, चांगली आहे म्हणूनच घाव भरला नाही. वाईट पुस्तक असतं तर सहा महिन्यांत विसरलं गेलं असतं. मी म्हणते, पण त्यात खोटं काय आहे? तो खरंच पत्रं लिहायचा. ती गप्प बसते आणि मग फार्दिंग हॉल काढते.

हे फार्दिंग हॉल प्रकरण तुम्हाला सांगायलाच हवं. जे. बी. प्रीस्टली तेव्हा परीक्षणं आणि फुटकळ लेखन करून घर चालवत होता. एक भलीमोठी कादंबरी त्याच्या मनात होती, पण ती लिहायला लागणारा मोकळा वेळ परवडत नव्हता. वॉल्पोलने सुचवलं, आपण दोघं मिळून एक हलकीफुलकी पत्ररूप कादंबरी लिहू. वॉल्पोलचं नाव असल्यावर प्रकाशक भरपूर आगाऊ पैसे देणार, हे दोघांनाही माहीत होतं. 'फार्दिंग हॉल' निघाली. तिच्या पैशांवर प्रीस्टलीने 'द गुड कंपॅनियन्स' लिहिली, जी 1929 मध्ये इतकी खपली की प्रीस्टली वॉल्पोलच्या पुढे निघून गेला. किअर असता तर पाठीवरचा हात काढून घेतला असता. याने काढला नाही.

बरं, दुसऱ्या बाजूचंही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल मॅडम वकिली करतायत. 1939 मध्ये ऑक्सफर्डला पी. जी. वुडहाऊसला मानद पदवी मिळाली त्या सुमाराला वॉल्पोल त्याला भेटला. हिलेअर बेलॉक या लेखकाने विनोदी लिहिणाऱ्या वुडहाऊसला हयात इंग्रजी लेखकांत सर्वश्रेष्ठ म्हटलं होतं. वॉल्पोलला ते गिळवत नव्हतं. असं का बरं म्हणाला असेल तो, असं त्याने खुद्द वुडहाऊसलाच विचारलं! बराच वेळ विचार करून शेवटी म्हणाला, काय करणार, म्हातारा फारच थकलाय आता. ही हकिकत वुडहाऊसनेच लिहून ठेवलीय. हा माणूस मॉमच्या कादंबरीत सहज खपला असता. वर्गात ही गोष्ट सांगताना मी नेहमी वॉल्पोलचा आवाज काढायचे आणि पोरं हसायची.

हॉलिवूडची गोष्टही मी सांगायचे. 1935 च्या 'डेव्हिड कॉपरफील्ड' या चित्रपटाच्या पटकथेवर त्याने काम केलं. त्यात पाद्र्याच्या छोट्या भूमिकेतही तो आहे. कंटाळवाणं प्रवचन द्यायचं आणि लहानग्या डेव्हिडला झोप आणायची, एवढंच काम. त्याने उत्स्फूर्त प्रवचन ठोकलं. थट्टा म्हणून निर्मात्याने पुन्हा पुन्हा टेक मागितला, आता हा अडखळेल अशा बेताने. याने दर वेळी न अडखळता वेगळंच प्रवचन दिलं. बिशपचा मुलगा शेवटी.

पण माझ्या प्रबंधातली बाई आणि मी, दोघींचं जिथे एकमत होतं ती जागा वेगळी आहे. 1937 मध्ये त्याला 'सर' किताब देऊ केला गेला. डायरीत तो लिहितो की किपलिंग, हार्डी, गॅल्सवर्दी यांनी तो नाकारला. पण मी काही त्यांच्या पंक्तीतला नव्हे, मी कॉनन डॉयल, अँथनी होप वगैरेंच्या रांगेतला. आणि शिवाय, सर व्हायला मला आवडेल.

हे वाचलं तेव्हा मी थिसिसचं काम आठवडाभर बाजूला ठेवलं. या माणसाला स्वतःचं माप माहीत होतं. जेम्सने दिलेल्या खुर्चीवर आपण बसण्याजोगे नाही हे कळत होतं, आणि तरी खुर्ची आवडत होती. मॉमच्या किअरमध्ये सगळं आहे, फक्त हे कळणं नाही. किअर स्वतःला खरोखर मोठा समजतो, म्हणून तो विनोदी आहे. वॉल्पोल रात्री डायरीत खरं लिहायचा आणि सकाळी उठून पुन्हा व्याख्यानाला, समितीला, फोटोला हजर. आपण दुय्यम आहोत हे माहीत असताना रोज उठून हजार शब्द लिहायचे, चांगल्या लेखकांना पैसे मिळवून द्यायचे, पुस्तकांच्या प्रसारासाठी संस्था उभ्या करायच्या आणि शिवाय कौतुकाची आसही सोडायची नाही, हे कसं जमतं माणसाला? तालुक्याच्या कॉलेजात बत्तीस वर्षं शेक्सपिअर शिकवणाऱ्या बाईला यात रस वाटला, तर त्यात एवढं आश्चर्य करण्यासारखं काय आहे?

एक गोष्ट प्रबंधात आली नाही. 1988 मध्ये लिहिण्याचं धाडस नव्हतं, आणि गाइड म्हणाले होते, त्या भानगडीत नको. वॉल्पोल समलैंगिक होता. शेवटची पंधरा वर्षं एक विवाहित पोलीस शिपाई त्याचा सोबती होता, बायकामुलांसह. इंग्लंडात 1967 पर्यंत हा गुन्हा होता. रूपर्ट हार्ट-डेव्हिसने 1952 मध्ये लिहिलेलं चरित्र उत्तम आहे, पण त्यालाही हे ओळींच्या मधल्या जागेत ठेवावं लागलं. जगाने आपल्यावर नाराज होऊ नये असं या माणसाला इतकं का वाटत होतं, याचं एक कारण तरी यात असणार. आणि मॉमचंही तेच होतं. दोघांनाही झाकायचं होतं ते एकच. हे ध्यानात घेऊन किअरवरची ती पानं वाचली की हसताना जरा अडखळायला होतं.

1941 च्या मे महिन्यात त्याच्या घराजवळच्या केझिक गावात युद्धनिधीचा सप्ताह होता. मधुमेहाने आधीच पोखरलेला हा माणूस मिरवणुकीत चालला, भाषण केलं, आणि 1 जूनला ब्रॅकनबर्नमध्ये गेला. 'द टाइम्स'ने मृत्युलेख छापला: कल्पकता होती, गोष्ट नेटकी सांगायचा, इंग्रजी नेटकं, कष्टाळू फार. म्हणजे शाळेच्या प्रगतिपुस्तकातला शेरा. त्यावर कवी टी. एस. एलियट, कलासमीक्षक केनेथ क्लार्क आणि प्रीस्टली यांनी निषेधाची पत्रं पाठवली. एलियटने! 'द वेस्ट लँड' लिहिणाऱ्याला वॉल्पोलच्या कादंबऱ्या आवडत असतील असं मला वाटत नाही. पत्र मात्र त्याने लिहिलं. मृत्युलेखातलं एकेक वाक्य मी तपासून बघितलंय, आणि मलाही त्यातलं एकही खोडता येत नाही. तरी दर वेळी वाचताना राग येतो.

गेल्या वर्षी मॉमवर पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीचा फोन आला. माझ्या प्रबंधातलं ते प्रकरण तिला हवं होतं. मी झेरॉक्स पाठवली आणि सांगितलं की यातल्या ठाम वाक्यांवर विश्वास ठेवू नकोस, हार्ट-डेव्हिस मुळातून वाच, आणि 'द टार्न' नक्की वाच. महिनाभराने तिचा पुन्हा फोन. म्हणाली, "मॅडम, मॉमने पत्रात लिहिलं होतं ना, की किअरमध्ये सगळ्यात जास्त मी स्वतः आहे? सगळे म्हणतात ती थाप होती. मला ती थाप वाटत नाही. व्हिला, पाहुणे, मोठमोठ्या लोकांची जेवणं, स्वतःच्या प्रतिमेची एवढी राखण, हे सगळं मॉमचंच तर आहे. फेनविकने फॉस्टरला ढकललं आणि स्वतःच्याच खोलीत बुडाला, तसं काहीतरी."

शेवटचं वाक्य मला जरा ओढूनताणून आणलेलं वाटलं, आणि तसं मी तिला सांगितलं. बाकीच्याला काय उत्तर द्यावं ते अजून सुचलेलं नाही. 1950 च्या प्रस्तावनेचं काय करायचं, असं मी विचारलं, तर म्हणते, तोवर वॉल्पोल मेलेला होता, कबुली द्यायला सोपं होतं, स्वतःबद्दलची देणं अवघड. तिचं प्रकरण मार्चपर्यंत लिहून होईल म्हणाली. मी वाचायला मागवलंय.